सिग्नलला थांबलं की गाडी थरथरते, खालून खडखड. चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) बदलू का?

विजापूररोडवाला:
नमस्कार मंडळी. डिझेल हॅचबॅक आहे, २०१४ ची, १ लाख ३१ हजार किमी झालेत. महिनाभर झालं, सोलापुरात सात रस्ता चौकाच्या सिग्नलला थांबलं की स्टेअरिंग अन् सीट लै थरथरायलंय, एसी लावला की आणखी वाढतं, आणि खालून पत्रा वाजल्यासारखी खडखड येते. जरा अ‍ॅक्सिलरेटर दिला, १२०० आरपीएमच्या (इंजिनचे मिनिटाला फेरे) वर गेलं की दोन्ही गप. मोहोळपर्यंत ८० नी नेली तर काहीच त्रास नाही, अ‍ॅव्हरेज तेच, धूर नाही. एका गॅरेजवाल्यानं नुसतं ऐकून सांगितलं चारही इंजेक्टर गेले, पन्नास हजाराच्या पुढं खर्च. आईला दर पंधरा दिवसाला पुण्याला दवाखान्यात न्यावं लागतं, गाडी अडकवून ठेवता येत नाही अन् एवढे पैसे उगाच घालायची ऐपतपण नाही.

डिझेलवेडा:
अजून एक रुपया देऊ नका. आधी सांगा, आयडलला, म्हणजे गाडी उभी अन् इंजिन नुसतं चालू असताना, आरपीएमची सुई एकाजागी असते का हलते? सायलेन्सरपाशी उभं राहून ऐका, आवाज एकसारखा येतो का मधेच ठोका चुकतो? इंजेक्टर नाहीतर कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला हवेचा दाब) गेलं असेल तर बहुतेक वेळा इंजिन मिसिंग करतं, सुई नाचते, पिकअप पडतो.

विजापूररोडवाला:
आत्ताच बघून आलो. सुई ८०० वर ठाम, आवाज पण एकसारखा.

कामगारवस्ती:
क्लच पूर्ण दाबल्यावर खडखड बदलते का? दाबल्यावर आवाज आला तर रिलीज बेअरिंग, सोडल्यावर न्यूट्रलमध्ये येत असेल तर गिअरबॉक्सचं बेअरिंग किंवा फ्लायव्हील. काहीच फरक नसेल तर तिकडं जायचंच नाही.

विजापूररोडवाला:
काहीच फरक नाही.

डिझेलवेडा:
मग माझा संशय इंजिन फाउंडेशनवर, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसवलेलं असतं त्या माउंटिंगवर. चार सिलेंडरचं इंजिन ८०० आरपीएमला मिनिटाला १६०० वेळा फायर होतं, सेकंदाला साधारण २७ झटके. हे झटके माउंटचं रबर गिळतं. रबर कडक झालं, फाटलं की तेच थेट बॉडीत येतात, आरपीएम वाढला की झटके एकमेकांत मिसळतात अन् जाणवत नाहीत. एसीचा लोड आला की इंजिन जास्त वाकतं म्हणून तेव्हा वाढतं. इतक्या वर्षांची इंजिनची गरमी, त्यात आपल्याकडचा उन्हाळा, रबर किती टिकणार.
घरीच बघा: बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, पायब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडा, मग रिव्हर्समध्ये तसंच. दुसऱ्या माणसानं बाजूला उभं राहून बघायचं, गाडीच्या पुढं-मागं कुणी नको. इंजिन किंचित कलणारच, पण उडी मारून धप्प आवाज आला तर माउंट गेला. माउंट आत तेल भरलेला असेल तर फाटल्यावर खाली काळा ओघळ दिसतो, तोही बघा.

होटगीरोड_गॅरेज:
मी याच धंद्यात आहे. वरचं बरोबर आहे, तरी मनात शंका असेल तर बॅक लीक टेस्ट करून घ्या. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत जातं तिथं, नळी लावून बाटल्या जोडतात, जी बाटली बाकीच्यांपेक्षा लवकर भरते तो इंजेक्टर खराब. टेस्ट न करता चार इंजेक्टर सांगणं मला पटत नाही, गिऱ्हाईकाचा पैसा आहे तो. आणि एक विनंती, चालू इंजिनवर इंजेक्टरचे हाय प्रेशर पाईप कुणालाही ढिले करू देऊ नका, तिथल्या प्रेशरनं डिझेल कातडीतून आत घुसतं. खडखडीसाठी सायलेन्सरवरचं हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) बघा, इंजिन बंद करून सायलेन्सर थंड झाल्यावरच हात घाला. क्लॅम्प गंजला की आयडलला ते बरोबर वाजतं.

विजापूररोडवाला:
मंडळी, आसरा चौकातल्या ओळखीच्या मेस्त्रींकडं दाखवलं. रिव्हर्सला इंजिन चांगलं दोन बोटं उचललं. उजवा माउंट काढून हातात दिला त्यांनी, रबर मधून आडवं फाटलेलं, खाली तेल गळलेलं. हीट शील्डचा एक क्लॅम्प तुटलेला, दुसरा बसवला. बॅक लीक टेस्ट पण केली, चारही बाटल्या जवळपास सारख्या भरल्या. सगळं मिळून पाच हजाराच्या आत झालं. खडखड बंद, एसी लावल्यावर जरा थरथर आहे अजून, मेस्त्री म्हणाले खालचा टॉर्क रॉडपण (इंजिनला पुढं-मागं हलू न देणारा दांडा) थोडा ढिला आहे. रविवारी आईला घेऊन पुण्याला निघालोय, टेंभुर्णीला चहाला थांबलो की एसी चालू ठेवून बघतो अन् कळवतो. तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत, मनापासून आभार.