बाजू दुप्पट, मग क्षेत्रफळ?

बाजू दुप्पट केली की सातवी-आठवीची मुलं क्षेत्रफळही दुप्पटच सांगतात, ही शिक्षकांची तक्रार अगदी खरी. पण त्यावर लगेच 'लांबी जितकी पट, क्षेत्रफळ त्या पटीच्या वर्गाइतकी पट' हा नियम फळ्यावर लिहू नका, अशी शिक्षकांना कळकळीची विनंती. चौरसावर तो सहज पटतो, म्हणून मुलांना वाटतं की तो चौरसापुरताच आहे. वेडावाकडा आकार द्या.

आम्हा नागपूरकरांकडे अंबाझरी तलाव आहेच. 1:50,000 च्या (1 सेमी म्हणजे 500 मीटर) नकाशावरून त्याचा काठ आलेख कागदावर गिरवायचा आणि आतले चौकोन मोजायचे. अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन पूर्ण धरायचा. मग तोच काठ 1:25,000 च्या (1 सेमी म्हणजे 250 मीटर) प्रमाणात काढून पुन्हा मोजायचं. लांबी दुप्पट, चौकोन मात्र जवळपास चौपट! मोजणी थोडी पुढेमागे होते, त्यावरही वर्गात बोलू द्या. ती चर्चा मला फार मोलाची वाटते.

पुढचा प्रश्न विचारा: लांबी दीडपट केली, तर क्षेत्रफळ किती पट? 2.25 हे उत्तर स्वतः शोधलेल्या मुलाला दहावीतलं समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं प्रमेय पाठ करावं लागत नाही. कोन तेवढेच राहतात, हेही त्याच नकाशावर कोनमापक ठेवून दाखवता येतं.