घुमा, शिष्ट, माणूसघाणा: तुम्हाला आहात तसं कुणी सामावून घेतलं?

आमच्या घरी कमी बोलणाऱ्यासाठी हेच तीन शब्द होते. 'अंतर्मुख' हा चौथा मला थेट कॉलेजात भेटला. कार्ल युंग या मानसशास्त्रज्ञाने अंतर्मुख-बहिर्मुख असे स्वभावाचे कल १९२१ मध्येच मांडले होते, पण आमच्या मामाला कोण सांगणार! तो अजूनही भर पंगतीत विचारतो, "काय रे, तोंडात मिठाची गुळणी?"

आणि हा लाजाळूपणा नव्हे. लाजऱ्याला बोलायचं असतं, धीर होत नाही. मला धीर आहे. चार तास माणसांत काढले की मात्र मी संपतो. मग गच्चीवर एकटं बसल्याशिवाय गाडी रुळावर येत नाही.

'जरा मिसळत जा' छाप सल्ले नकोत, ते जन्मभर पुरतील एवढे साठलेत. तुम्हाला न बदलता कुणी जागा करून दिली असेल, तर त्या माणसाने नेमकं काय केलं ते लिहा.

थोरली सून : माझ्या सासूबाई. गृहप्रवेशाला उंबरठ्यावर माप, समोर आत्येसासूबाई दार अडवून: "नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही!" तीन उखाणे पाठ केले होते, एकही ओठांवर येईना. सासूबाई ओवाळणीचं ताट हातात धरूनच म्हणाल्या, "आज माझ्याकडून घ्या," आणि मामंजींचं नाव घेऊन मोकळ्या झाल्या. मामंजी लाजले ते वेगळंच.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी मला अत्तर लावायला बसवलं. बाई येते, हात पुढे करते, बोट टेकवायचं, हसायचं, पुढची. साठेक बायका भेटल्या, गप्पा एकीशीही माराव्या लागल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी दिसलं, समोरच्या काकूंच्या हातातल्या पाटल्या गेल्यात. रात्री सासूबाईंना हळूच सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या जाऊन आल्या. काय बोलणं झालं, मी विचारलं नाही. आता मात्र पाहुणे गेले की भांडी आवरताना त्या विचारतात, "आज काय दिसलं गं तुला?"

हिंजवडीकर : आधीच्या नोकरीत दर वर्षी अप्रेझलला एकच शेरा, 'मीटिंगमध्ये बोलत नाही'. आताची लीड मुद्दे आदल्या संध्याकाळी पाठवते आणि म्हणते, लिहून दिलंस तरी चालेल. बस, एवढंच. माझे मुद्दे माझ्या नावानिशी वाचते, हे विशेष.

शेंडेफळ : थोडं उलटं लिहिते. आमच्याकडे सगळे मला इतकं समजून घेतात, की विचारतच नाहीत! "तिला नको सांगूस, तिला गर्दी आवडत नाही." चुलत भावंडं तारकर्लीला जाऊन आली, मला फोटो दिसले. अरे, बोलवा तरी. नाही म्हणायचं ते मी म्हणेन.

धागाकर्ता : हे लागलं. धाकट्या भावाच्या बाबतीत मी हेच करत आलोय. आजच फोन करतो. नको, मेसेज करतो.

एक बाबा : मुलगा आठ वर्षांचा. शाळेतून आला की "आज काय काय झालं?" विचारायचो, उत्तर ठरलेलं: "काही नाही." आता विचारत नाही. मटार सोलायला शेजारी बसवतो. दोघांच्या नजरा ताटात. पाव किलो होईपर्यंत चिडीचूप, मग कुणी डबा सांडला, कोण रडलं, सगळं येतं. मटार महागले की लसूण.