पोलो जीटी टीएसआय खाली घ्यायची आहे: आपल्या रस्त्यांवर किती मिमी?

धामणगाववाला

राम राम मंडळी. पोलो जीटी टीएसआय आहे, १६ इंची रिम, १९५/५५ टायर. गाडी खाली घ्यायची आहे, पण किती घ्यायची ते ठरून नाही राहिलं. अधूनमधून समृद्धीनं नागपूर, बाकी रोज गाव ते तालुका. गावच्या रस्त्याखाली काळी माती, त्यामुळे डांबर जागोजागी दबलेलं-फुगलेलं. मध्ये गावकऱ्यांनी घातलेले उभट गतिरोधक आणि नाल्यावरचा रपटा. मागच्या सीटवर बहुतेक वेळा घरची मंडळी असतात.

गॅरेजवाला मूळ शॉकपवरच (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) ४० मिमीचे स्प्रिंग टाकू म्हणून राहिला. कॉइलओव्हर (उंची फिरवून बदलता येणारा स्प्रिंग-शॉकपचा संच) घेतले तर उंची आपल्या हातात राहते, पण मग आकडा आधी माहीत पाहिजे. समोर किती, मागे किती, आणि तो काढायचा कसा?

लोअरआर्म

भाऊ, हा आकडा स्प्रिंगच्या खोक्यावर नसतो, गाडीखाली शिरून काढावा लागतो. तीन मापं घ्या.

पहिलं माप उंचीचं. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा बदलली की ते बदलतं. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. सपाट फरशी, हवा बरोबर, टाकी अर्धी, स्टिअरिंग सरळ. जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजायचं नाही. गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला, तेव्हा चाकं बाजूला सरकून मूळ जागी बसतात, नाहीतर माप जास्त येतं.

दुसरं माप सगळ्यात महत्त्वाचं. शॉकपच्या दांड्यावरचं रबरी बूट वर सरकवा. गाडी चाकांवर उभी असताना बंप स्टॉपच्या (शॉकप पूर्ण दबून आपटू नये म्हणून दांड्यावर बसवलेला फोमचा ठोकळा) खालच्या टोकापासून शॉकपच्या बॉडीपर्यंत किती दांडा मोकळा दिसतो ते लिहा. मागचं माप रिकाम्या गाडीत घ्या आणि माणसं बसवूनही घ्या. मग दांड्यावर, बॉडीला टेकवून, एक प्लॅस्टिकची केबल टाय घट्ट बांधा आणि नेहमीच्या रस्त्यावरून नेहमीच्या वेगानं जाऊन या. टाय जिथपर्यंत ढकलली गेली तिथपर्यंत सस्पेन्शन दबलं.

तिसरं, लोअर आर्मचा (चाकाला खालून बॉडीशी जोडणारा दांडा) उतार. आतल्या बोल्टची उंची आणि चाकाकडच्या टोकाच्या बॉल जॉइंटची उंची, दोन्ही जमिनीपासून मोजा आणि फरक सांगा. ही मापं आली की बोलू.

समृद्धीप्रेमी

माझं मत वेगळं आहे. गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर वजन कमी सरकतं, आणि समृद्धीवर १२० च्या वेगात आडव्या वाऱ्यात गाडी स्थिर वाटते. या गाडीसाठी ४० मिमीचे स्प्रिंग बनतातच ना? कंपनीनं काहीतरी विचार केला असेलच.

लोअरआर्म

दादा, गुरुत्वमध्याचं बरोबर आहे, पण पोलोला समोर मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकप एकाच उभ्या खांबात) आहे आणि तिथे दुसरी गोष्ट घडते. बॉडी खाली आली की लोअर आर्मचं आतलं टोक खाली येतं, बाहेरचं टोक चाकासोबत जिथल्या तिथे राहतं. आर्म आडवा होऊन पुढे उलटा झाला, म्हणजे बाहेरचं टोक वर गेलं, की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणावर झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगानं खाली जातं. दोघांमधलं अंतर वाढतं आणि गाडी वळणावर पहिल्यापेक्षा जास्त झुकते. शिवाय चाक दबताना मिळणारा निगेटिव्ह कँबरही (चाकाचं वरचं टोक आत झुकणं) कमी होत जातो, बाहेरच्या टायरची बाहेरची कड खाल्ली जाते. टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाक वळवणारा दांडा) आणि आर्म यांचे वर्तुळाकार मार्ग जुळेनासे होतात, मग खड्ड्यात एक चाक दबलं की गाडी आपोआप बाजूला ओढते. आडवा वारा तर दूर राहिला, काँक्रीटच्या सांध्यावरही स्टिअरिंग हलकेच थरथरतं.

युरोपात ४० मिमीचे स्प्रिंग बनवणाऱ्यांनी तिथल्या रस्त्यांचा विचार केलेला असतो. इथे २०२२ पर्यंत विकली गेलेली पोलो मुळातच उंच बसते. म्हणून "४० मिमी खाली" हे कशापेक्षा खाली, ते आधी विचारा.

रपटा_पार

गतिरोधकाचा हिशेब मी मांडतो, कारण लोक इथेच चुकतात.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ नुसार गोलाकार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच हवा. २५ किमीच्या वेगानं तो ओलांडता यावा, असं त्याचं गणित. पोलोचा व्हीलबेस सुमारे २.४७ मीटर, म्हणजे चारही चाकं एकाच वेळी त्या कमानीवर असतात. चाकांच्या मध्ये कमान किती वर येते? २.४७ चा वर्ग भागिले आठ पट १७, साधारण ४५ मिमी. असा गतिरोधक ११० मिमी क्लिअरन्सची (गाडीचं पोट आणि जमीन यांतलं अंतर) गाडीसुद्धा न घासता ओलांडते.

गावातला तसा नसतो. गिट्टी-डांबराचा अर्ध्या मीटरचा ढीग, उंची १५ सेंमीपर्यंत. पुढची चाकं उतरली, मागची अजून चढायची आहेत, आणि ढीग अख्खाच्या अख्खा चेंबरखाली (इंजिनखालची तेलाची टाकी) येतो. तिथे त्रिज्या-बिज्या काही कामाची नाही, तुमचा क्लिअरन्स उणे ढिगाची उंची, बस्स. त्यामुळे रस्त्यावरचा सगळ्यात उंच गतिरोधक फूटपट्टी आणि सरळ दांड्यानं मोजा. ढिगाच्या दोन्ही बाजूला डांबर किती दबलंय तेही बघा, काळ्या मातीवर पावसाळ्यानंतर ते आणखी बसतं आणि ढीग आपोआप उंच होतो.

दुसरं, ब्रेक दाबलेला असताना नाक खाली येतं. पुढचं चाक चढायच्या आधी ब्रेक सोडायची सवय लावा, तेवढ्यानंच काही सेंटिमीटर परत मिळतात.

धामणगाववाला

मापं घेतली.

मध्यापासून कडेपर्यंत: समोर ३९०, मागे ३९५. चेंबरच्या गार्डखाली १६०.
समोर मोकळा दांडा ४५, बंप स्टॉपची लांबी ६०. केबल टाय स्टॉप लागल्यावरही १० मिमी पुढे गेली.
मागे रिकाम्या गाडीत मोकळा दांडा ६०, तिघं आणि सामान घेतल्यावर २५.
आर्मचा आतला बोल्ट बॉल जॉइंटपेक्षा ३० मिमी वर.
सगळ्यात उंच गतिरोधक १२० मिमी.

लोअरआर्म

उत्तम. आता उत्तर मापातच दिसतंय.

६० मिमीचा फोमचा बंप स्टॉप पूर्ण दबून साधारण २० चा होतो, म्हणजे त्यात ४० मिमी प्रवास आहे. तुमच्या रस्त्यावर समोरचं सस्पेन्शन ४५ अधिक १०, असं ५५ मिमी दबतं. ४० मिमी खाली घेतलं तर मोकळे उरतात ५, आणि स्टॉपचे ४०, एकूण ४५. गरज ५५ ची. मूळ शॉकपवर थोडे कडक स्प्रिंग टाकून ती गरज ५० वर आली तरी पुरत नाही. मग रबर संपून धक्का थेट वरच्या स्ट्रट माउंटमध्ये आणि बॉडीत जातो. आधी माउंटची बेअरिंग वाजते, मग शॉकपचं सील गळतं. वळणावरही तेच: बाहेरचं पुढचं चाक स्टॉपवर टेकलं की तिथे स्प्रिंग अचानक कितीतरी पट कडक होते आणि गाडी सरळ बाहेर जाते.

२५ मिमी खाली घेतलं तर मोकळे २० आणि स्टॉपचे ४०, एकूण ६०. सुमारे २५ टक्के कडक स्प्रिंगनं गरज ५० च्या आत येते. आर्मही ५ मिमी उतारावर राहतो, उलटा होत नाही.

मागे भरलेल्या गाडीत २५ च उरतात, म्हणून तिथे १५ पेक्षा जास्त घेऊ नका. तुमचं लक्ष्य: समोर ३६५, मागे ३८०. गार्डखाली १३५ राहतील, १२० च्या ढिगावर १५ चं अंतर. माणसं भरली की तेही कमी होणार, त्या एका ठिकाणी तिरपं आणि चालीच्या वेगानं घ्या. हे पटत नसेल तर समोर २० वर थांबा. २५ पेक्षा जास्त खाली जायचा विचारही नको.

स्प्रिंग घेताना एक हिशेब करून बघा. समजा समोरच्या एका चाकावर ३२० किलो स्प्रंग (स्प्रिंगवर तोललेलं) वजन आहे आणि मूळ स्प्रिंग २४ न्यूटन प्रति मिमीची आहे. ती उभ्या गाडीत १३१ मिमी दबते, कंपनसंख्या सुमारे १.४ हर्ट्झ. ३० ची टाकली तर १०५ मिमी दबते, १.५ हर्ट्झच्या जरा वर. म्हणजे नुसती कडक स्प्रिंग टाकली तर गाडी २६ मिमी वर जाईल. २५ खाली आणायला मोकळी लांबी जवळपास ५० मिमीनं कमी लागते. आता हे १०५ मिमी शॉकपच्या खाली सुटण्याच्या प्रवासापेक्षा जास्त आहेत का ते तपासा. नसतील तर खोल खड्ड्यात चाक लोंबलं की स्प्रिंग बैठकीतून सुटते. मूळ स्प्रिंगचे वेढे कापणाऱ्यांचं नेमकं हेच होतं, शिवाय टोकाचा बसका वेढाच गेलेला असतो.

२५ टक्के कडक स्प्रिंग मूळ शॉकप सांभाळत नाही, गाडी उसळल्यावर लवकर थांबत नाही. बिलस्टीन घेत असाल तर बी६ मूळ उंचीसाठी आणि बी८ आखूड बॉडीचा, लोअरिंग स्प्रिंगसाठी. तुम्हाला बी८ लागेल.

समृद्धीप्रेमी

४५ विरुद्ध ५५ चं गणित पटलं. कॉइलओव्हर घेतला तर मात्र उंची वर-खाली करून हा प्रवास परत मिळतो ना?

लोअरआर्म

कोणता कॉइलओव्हर त्यावर आहे. फक्त स्प्रिंगची बैठक फिरणारा असेल तर बैठक खाली घेतल्यावर शॉकपचा वरचा प्रवास तेवढाच कमी होतो. खालची बॉडीसुद्धा फिरणारा असेल तर उंची वेगळी आणि प्रवास वेगळा ठेवता येतो, पण तेव्हा टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला लागतो का ते स्प्रिंग काढून, जॅकनं चाक वर दाबून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघायलाच हवं.

पाना_१३

बसवण्याबद्दल दोन गोष्टी, कारण चांगले पार्टही इथेच वाया जातात.

लोअर आर्मच्या आणि मागच्या बीमच्या बुशचे (रबरी सांधे) बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचे आवळू नका. हातानं लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे ढकला आणि मग आवळा. लटकत्या स्थितीत आवळलं तर बुश कायम पिळलेला राहतो, काही महिन्यांत रबर फाटतं आणि तोवर उंचीचं मापही खोटं येतं. फोक्सवॅगनमध्ये बरेच बोल्ट टॉर्क अधिक कोनाचे (ठरलेल्या जोरानं आवळून वर ठरलेला कोन फिरवायचे) आहेत, ते नवेच घाला. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटर.

नवे स्प्रिंग थोडे बसतात, म्हणून अलाइनमेंट एकदा लगेच आणि एकदा ३०० ते ५०० किमीनंतर. टायर आतून खाल्ला गेला की सगळे कँबरला दोष देतात, पण बहुतेक वेळा चूक टो ची (वरून बघता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) असते. १६ इंची रिमवर १ मिमी टो म्हणजे जवळपास साडेआठ मिनिटं कोन, नजरेला दिसतही नाही. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा सांगाडा) असल्यानं टो-कँबरला बोल्ट नाही. माप बाहेर गेलं तर स्टब अ‍ॅक्सलमागे शिम (पातळ पत्रा) घालावी लागते.

हेडलाइटही लावून घ्या. समोर २५ आणि मागे १५ खाली गेल्यावर १० मीटरवर उजेड सुमारे ७ सेंमी खाली पडतो.

आणि कॉइलओव्हरच घेतला तर पावसाळ्यात काळ्या चिखलाची काळजी घ्या. तो आट्यांमध्ये बसून वाळला की रिंग पान्यानं हलत नाही, जोर लावला की आट्या सोलतात. बसवताना आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावा, वर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा आणि पांदणीतून आल्यावर चिखल ओला असतानाच पाण्यानं धुवा.

रपटा_पार

कागदाचं राहिलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलण्यावर बंधनं आहेत. पार्ट मागवण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. आणि मूळ स्प्रिंग, शॉकप, बंप स्टॉप भंगारात देऊ नका. तेल लावून, डावं-उजवं लिहून ठेवा.