मदत हवी आहे: अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या व्यवसायांचे आकडे जुळत नाहीत

मंडळी, अमेरिकेत स्वयंरोजगारात गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यात जी तफावत आहे त्यावर लेख लिहितोय. गाडी आकड्यांपाशी अडली आहे.

तिथल्या जनगणना विभागाच्या जुन्या पंचवार्षिक पाहणीत २०१२ साली कृष्णवर्णीयांच्या मालकीचे सुमारे २६ लाख व्यवसाय दिसतात. नव्या वार्षिक पाहणीत २०१७ साठी जेमतेम सव्वा लाख! धंदे बुडालेले नाहीत. नवी पाहणी फक्त पगारी माणसं ठेवणारे व्यवसाय मोजते आणि यांचे बहुतेक व्यवसाय एकहाती आहेत. घरच्या घरी वेण्या घालून देणारी बाई त्यात येतच नाही.

२०१२ चे फक्त नोकर असलेले व्यवसाय वेगळे काढले (सुमारे १.०९ लाख), तर उलट वाढ दिसते. पण कर्जाअभावी एकट्यावरच थांबलेले लोक त्यातून सुटतात, आणि माझा मुद्दा तर तोच आहे.

एकहाती व्यवसायांची मालकाच्या वंशानुसार वेगळी आकडेवारी निघते, पण ती पाहणीतून नव्हे, सरकारी नोंदींवरून. माझ्याकडे फक्त खुली आकडेवारी आहे. राज्यवार तपशील नको, देशपातळी पुरे.

ही आकडेवारी नव्या पाहणीत मिळवून २०१२ शी तुलना करणं योग्य ठरेल का? की व्यवसाय सोडून माणसं मोजणारी मासिक कुटुंब-पाहणीच वापरावी?