प्रेस शॉपला सुरक्षेसाठी अनुदान मिळावं का?

भोसरीचा_प्रेसवाला:
बारा माणसं, पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या सात पॉवर प्रेस, सगळं जॉब वर्क, म्हणजे दुसऱ्यांच्या ऑर्डरचं काम. दोन वर्षांपूर्वी एका ऑपरेटरची तर्जनी डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात गेली. तो आता पॅकिंगला आहे, चिकटपट्टी दातानं तोडतो. पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगार योजनेत नवं युनिट टाकायला 15 ते 35 टक्के अनुदान मिळतं. मग चालू युनिटमध्ये हात दिसला की प्रेस थांबवणारा सेन्सर बसवायला का नको? काम देणारी पार्टी पीसमागे पैसे वाढवून देत नाही, मी कुठून आणू?

कामगारपुत्र:
गार्ड बसवायची जबाबदारी मालकाची, हे 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 21 पासून चालत आलंय. कायदा पाळायचे पैसे सरकारकडे मागताय? उद्या हेल्मेट घालायलाही अनुदान मागाल. आणि पूर्ण तर्जनी गेली की भरपाई कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे कमाईची क्षमता घटली फक्त 14 टक्के!

भोसरीचा_प्रेसवाला:
तो कायदा मला लागू होतो कुठे? विजेवर चालणाऱ्या ठिकाणी पूर्वी 10 कामगारांना कारखाना धरायचे, आता 20 लागतात.

कामगारपुत्र:
म्हणजे तपासणी नाही, वर अनुदान. झकास!

सिडनीकर_मावशी:
इथे न्यू साउथ वेल्समध्ये 50 पेक्षा कमी माणसांच्या धंद्याला सुरक्षेच्या वस्तूंसाठी 1000 डॉलरपर्यंत परत मिळतात. पण आधी त्यांच्या कार्यशाळेला बसायचं किंवा सल्लागाराला बोलावून जागा दाखवायची, खरेदी त्यानंतर. मला रक्कमेपेक्षा ती अट आवडली.

टूलरूम_फिटर:
मावशींची अट इथे हवीच. दादा, तुमच्या प्रेस पिन क्लचच्या, म्हणजे मोटरचा जोर खिळीनं जोडणाऱ्या असतील तर सेन्सर विसरा. पिन एकदा लागली की रॅम, म्हणजे ठोका देणारा वरचा भाग, खाली येऊन वर जाईपर्यंत थांबत नाही. सेन्सरनं हात पाहिला तरी काय उपयोग? त्याला हवेवर चालणारा, मध्येच सुटणारा न्युमॅटिक क्लच लागतो. पिन क्लचवर डायलाच बंदिस्त गार्ड करा, पट्टी आत जाईल पण बोट जाणार नाही इतकीच फट ठेवा. दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस चालेल अशा दोन बटणांचं म्हणाल, तर एका बटणात काडी खोचून ते कायमचं दाबून ठेवलेलं मी स्वतः काढलंय. पीस रेट, म्हणजे नगावर मजुरी असली की असंच होतं.

कामगारपुत्र:
हे पटलं. पण पैसा ईएसआयसीचा, म्हणजे कामगार विम्याचा मागू नका. त्यात कामगाराच्या पगारातले 0.75 टक्के आहेत.

भोसरीचा_प्रेसवाला:
आणि माझे 3.25! बोट गेल्यावर आयुष्यभर पेन्शन द्यायची, त्यापेक्षा आधी गार्डला पैसे दिले तर काय बिघडलं?

कामगारपुत्र:
तुमच्या नावावर नकोत. पैसे थेट गार्ड बनवणाऱ्याला द्या आणि पीस रेट बंद करायची अट घाला. चालेल?

भोसरीचा_प्रेसवाला:
पीस रेट बंद केला तर माणसं शेजारच्या शेडमध्ये जातील.

टूलरूम_फिटर:
आधी एवढं सांगा, सातपैकी पिन क्लचच्या किती?

भोसरीचा_प्रेसवाला:
पाच.