‘एक डॉक्टर की मौत’मध्ये आजारच का बदलला?

परळकरीण: काल इथे कुणीतरी लिहिलं, हा सिनेमा म्हणजे डॉ. सुभाष मुखोपाध्यायांचं आयुष्य ‘जसंच्या तसं’. डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय. त्यांच्या कामातून कोलकात्यात ३ ऑक्टोबर १९७८ला भारताची पहिली टेस्ट ट्यूब बेबी दुर्गा जन्मली, जगातल्या पहिल्या लुईस ब्राऊननंतर ७० दिवसांनी. सिनेमात या शोधाची झाली कुष्ठरोगाची लस! पंकज कपूर शेवटी परदेशी जायला तयार होतो. खऱ्या डॉक्टरांनी १९ जून १९८१ला आयुष्य संपवलं. मूल न होणाऱ्या बाईपेक्षा कुष्ठरोग सोयीचा वाटला, दुसरं काय!

जुना प्रेक्षक: ताई, तपन सिन्हांनी रमापद चौधुरींच्या ‘अभिमन्यू’ कादंबरीवर सिनेमा काढलाय, चरित्रपट नव्हे. छळ तोच आहे ना? हार्मोन्सवर आयुष्य घालवलेल्या मुखोपाध्यायांची बदली डोळ्यांच्या संस्थेत! माझ्या वडिलांची अशीच बदली झाली होती. ऑर्डर टेबलावर, चहावर साय धरलेली, आणि ते तासभर बूट न काढता बसलेले. पंकज कपूरमध्ये मला ते दिसले.

परळकरीण: छळ दिसला, काम कुठे दिसलं? १९९९मध्ये मी बर्फाच्या थर्मासातून इंजेक्शनं लोकलने न्यायचे. सासूबाईंना सांगायचे, डबा आहे. माझी लेक गोठवलेल्या गर्भातून झाली. मुखोपाध्यायांनी ७८ साली गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवला होता. परदेशात असं मूल १९८४मध्ये झालं.

सायकलवाल्याचा मुलगा: ‘सोयीचा’? माझे वडील कुष्ठरोग तपासणीला सायकलवर गावोगाव फिरायचे. पेशंटला डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर पेनाचं टोक टेकवायचे, “कुठं लागलं, बोट ठेव.” बोट जागचं हलायचं नाही, मग वडीलच गप्प व्हायचे. निदान झालं की ठरलेली लग्नं मोडायची. वडिलांची नोकरी कळली म्हणून आम्हाला खोली नाकारली गेली. कुणाला सोयीचा होता हा रोग?

जुना प्रेक्षक: आणि ती लस हवेतून आलेली नाही. परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात कमल रणदिवे वगैरे मंडळी त्या जंतूवर कधीपासून काम करत होती. शिवाय मुखोपाध्यायांनी संशोधनाचा पेपर छापल्याशिवाय जग का मानेल? केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांनी टेस्ट ट्यूब बेबीचं काम सगळं नोंदवून केलं.

परळकरीण: छापणार कसं? जपानहून बोलावणं आलं तर सरकारने जाऊ दिलं नाही! आणि तोवर देशातली पहिली मानलेली केईएमची हर्षा जन्मली, त्या कामातलेच शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार. १९९७मध्ये त्यांनी मुखोपाध्यायांचे कागद वाचले आणि छापून सांगितलं, पहिला मान त्यांचा. स्वतःच्या नावावरचं पहिलेपण सोडलं त्या माणसाने. यावर सिनेमा काढा ना!

दादा, ‘सोयीचा’ मागे घेते. चुकलंच ते. पण लेकीला मुद्दाम शेजारी बसवून हा सिनेमा दाखवला होता. संपल्यावर म्हणाली, “आई, यात मी कुठेय?”

सायकलवाल्याचा मुलगा: तिचं बरोबर आहे. तुमचं नाही, पण तिचं आहे.