विद्यापीठातील एकदिवसीय मेळावा : दक्षिण महाराष्ट्राचा इतिहास आणि संगीत एकत्र कसे मांडावे?

वारणाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमच्या इतिहास विभागाने संगीत विभागाच्या सोबतीने कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांचा इतिहास, लोकसंस्कृती आणि संगीत यांवर एक दिवसाचा मेळावा घ्यायचे ठरवले असून त्याची आखणी आम्हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे आली आहे. पहिल्या बैठकीत निघालेला आराखडा नेहमीचाच आहे : सकाळी दीपप्रज्वलन, सत्कार आणि दोन व्याख्याने, दुपारी पारंपरिक वेशभूषा स्पर्धा, संध्याकाळी लावणी व पोवाडा. यात गैर काही नाही. परंतु सकाळची व्याख्याने ऐकणारे संध्याकाळी थांबत नाहीत आणि संध्याकाळी गर्दी करणारे सकाळी फिरकत नाहीत, हा नेहमीचा अनुभव आहे. इतिहास आणि संगीत एकमेकांत गुंफले जातील अशी मांडणी कोणी पाहिली असल्यास कृपया सुचवावी. नामवंत कलाकारांना बोलावण्याइतका निधी नाही.

करवीरवासी

व्याख्यान आणि गायन अशी दोन सत्रे करण्याचा हट्ट सोडला, तर निम्मे काम झाले असे समजा. राजर्षी शाहू महाराजांचाच काळ घ्या. २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला, तेव्हा उस्ताद अल्लादिया खाँ याच दरबारात गायक होते. ते १८९५ मध्ये कोल्हापुरात आले आणि १९२२ मध्ये महाराजांचे निधन होईपर्यंत त्यांनी हे शहर सोडले नाही. १९१२ चे खासबाग कुस्ती मैदान आणि त्याला लागून १९१५ मध्ये उभे राहिलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, ही याच राजवटीची देणगी. (केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ ला, हे नाट्यगृह आगीत जळाले, याचा उल्लेख निवेदनात अवश्य असावा.)

माझी सूचना अशी की, एका विद्यार्थ्याने १९०२ च्या आदेशाचा उतारा वाचावा, दुसऱ्याने राज्याश्रयाविषयी दहा मिनिटे बोलावे आणि लगेच संगीत विभागातील कोणी खाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या पद्धतीने एखादा ख्याल मांडावा. खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जी खाँ कोल्हापुरातच राहून शिकवत असल्याने या गायकीचे धागे शहरात टिकले. शिकणाऱ्या मुलीचे गाणे थोडे कच्चे असले तरी हरकत नाही, कारण ती गायकी इथे का रुजली हे श्रोत्यांना तोवर कळलेले असेल. वेशभूषा स्पर्धा मात्र वगळलीत तर कोणाचेही नुकसान होणार नाही.

येरळाकाठ

वरील सूचना चांगली असली तरी तिच्यात दरबारच मोठा होतो. सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्याकडे पाहा : रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव आणि वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, लावणीचे आणि शाहिरीचे हे दोन धनी एकाच तालुक्यातले. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारने, म्हणजे ब्रिटिश सत्तेला समांतर अशा लोकांच्या सरकारने, गावोगावी न्यायदान केले आणि साध्या खर्चाची गांधी लग्ने लावली. त्या चळवळीचा निरोप खेड्यांत पोहोचवण्यात शाहिरांचा वाटा मोठा होता. म्हणून प्रतिसरकारवरील व्याख्यानाच्या मध्येच पोवाडा यावा, आणि तो शाहिराने डफ-तुणतुण्यासह उभे राहून म्हणावा. ध्वनिमुद्रण लावून भागवू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. लोककलावंतांना समारोपाच्या आधीची दहा मिनिटे देऊन, वर प्रमाणपत्रावर बोळवण करण्याची पद्धत बंद व्हायला हवी. व्याख्यात्याला जितके मानधन, तितकेच शाहिराला आणि हलगीवाल्यालाही द्यावे. धनगरी ढोल आणि त्यावर चालणारे धनगरांचे गजी नृत्य यांना सभागृह मानवत नाही. त्यांच्यासाठी मोकळे मैदान ठेवा, कारण बंद खोलीत ढोलांच्या आवाजाने ओवीचा एक शब्दही कळत नाही.

मिरजकर

दोघांच्याही यादीत वाद्ये घडवणारा माणूस नाही, याचे आश्चर्य वाटले. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. राजवटी बदलल्या, तलवारींची मागणी घटली आणि हाताच्या कसबाला दुसरे काम मिळाले; इतिहास विभागाला याहून चांगला विषय कोणता हवा? तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. एखाद्या कारागिराला बोलावून तंबोऱ्याची जवारी लावून दाखवायला सांगा. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, घासकाम होताना आणि तारेखाली दोरा सरकताना तोच सूर कसा खुलतो, हे विद्यार्थ्यांना समोर ऐकता येईल. याच गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णू दिगंबर पलुसकरांनी पुढे १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, हे तिथेच सांगता येईल.

वारणाकाठ

सर्वांचे आभार. वेशभूषा स्पर्धा वगळण्याचा प्रस्ताव उद्याच्या बैठकीत मांडतो. विरोध होईल, पण तिच्या बक्षिसांची रक्कम मानधनाकडे वळवता येईल, हा मुद्दा बहुधा पटेल. चैत्रातली तारीख सोयीची ठरेल का?

येरळाकाठ

चैत्र टाळावा. जोतिबाची यात्रा चैत्र पौर्णिमेला असते, त्यानंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि हलगीवाले, तमाशा कलावंत त्या दिवसांत मोकळे नसतात. जत्रेची सुपारी सोडून विद्यापीठात या, असे सांगणे त्यांच्या पोटावर पाय देणे ठरेल. पावसाळ्यात मैदानाचा प्रश्न येतो. दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचे आणि सत्र परीक्षेच्या आधीचे दिवस मिळत असतील तर पाहा, आणि तारीख छापण्यापूर्वी कलावंतांना प्रत्यक्ष भेटून विचारा.